सोमवारचं फ्रीव्हील

“बाईंना सांगा, उद्या सायकल आनू नका म्हनाव,” कानिफनाथ म्हणाला. “उद्या खंडेनवमी हाय. हत्यारं पुजली की दसऱ्यापातुर मी त्यांना हात लावत न्हाई. आज सांजच्याला आनली तर फ्रीव्हील धुऊन दितो.”

मी त्याच्या दुकानावरून चाललो होतो तो नेहमीसारखाच, त्याच्याकडे न बघता. हातात रॉकेलची बाटली होती. रविवारी दुपारी मला थोडं रॉकेल लागतं आणि ते मी स्वतः जाऊन आणतो, कारण पुष्पावतीला पाठवलं तर ती दुकानदाराच्या सुनेचं पोट कुठल्या महिन्यात आहे ते विचारत अर्धा तास घालवते. बायको नर्स असली की हे असं. कानिफनाथाची दखल घ्यायची मात्र माझी पद्धत नाही. माळीवाड्यात चार फळ्या ठोकून उभं केलेलं ते दुकान, दारात लटकणाऱ्या टायरी, पंक्चर बघायचं काळ्या पाण्याचं घमेलं, आणि त्यात बुडून बुडून पांढरी पडलेली त्याची बोटं. चौथी नापास माणूस. साखळी ज्या दातेरी चकतीवर चढते त्या फ्रीव्हीलच्या आत, दात्यांत अडकून चाक ओढणाऱ्या ज्या दोन खिट्ट्या असतात, ज्यांना इंग्रजीत पॉल म्हणतात, त्यांना हा कुत्री म्हणतो. कुत्री बसली, कुत्री उठली, कुत्री मेली. मी हायस्कुलात दहावी-अकरावीला पदार्थविज्ञान शिकवतो. दंतचक्र आणि खिट्टी यांची आकृती मी फळ्यावर एका दमात काढतो, आणि खाली बसलेली चाळीस ठोंबी ती वहीत अशी उतरवतात की दंतचक्राची भाकरी होते. या गावात कुणाला काही समजून घ्यायचं नाही. म्हणून मी घरी निदान एक चाक तरी शास्त्रशुद्ध ठेवायचं ठरवलं होतं, आणि गेली चार वर्षं ठेवलं होतं.

“कसलं फ्रीव्हील?” मी विचारलं.

“दर सोमवारी आनत्यात की. सकाळी साडेसहाला, दुकान उघडायच्या आदी. तुमाला—” आणि तो तिथंच अडखळला. हातातला पाना त्याने खाली ठेवला, पुन्हा उचलला. मूर्ख माणसाला आपण काहीतरी बोलून बसलो हे कळतं तेव्हा तो गप्प बसत नाही, आणखी बोलतो. “तसं काय न्हाई गुरुजी. तुमी भरता ते बी चांगलंच हाय. पन गिरीस जाड पडतं वो. कुत्री चिकटत्यात त्यात. केसाएवढी स्प्रिंग, ती बिचारी कशी उचलनार त्यान्ला? हातानं फिरवलं तर फिरतंय, पन मानसाचं वजन पडलं की पायडल मोकळंच गरकन् फिरतं. म्हनून त्या हितपर्यंत ढकलत आनत्यात, बसत न्हाईत. मी रॉकेलनं धुतो, पातळ तेल सोडतो, मग जात्यात केडगावला, दवाखान्यात.”

“दर सोमवारी,” मी म्हणालो.

“आदी नुसतं कदीमदी सुटायचं; त्या रेल्वेच्या पुलावर पडल्या तवापासनं दर सोमवारी. दोन वर्सं झाली असतील. चढाला जोर लावला अन् पायडल सुटलं. हनुवटी हँडलवर. पदर रगतानं भिजलेला, तशाच सायकल ढकलत आल्या. आदी सायकल दावली, मग टाके घालाया गेल्या.” त्याने मान खाली घातली. “गुरुजींना बोलू नका म्हनल्या हुत्या. आमच्या लेकीची, मनकर्णाची, दोन्ही बाळंतपनं त्यांनीच केली, म्हनून मी बोलत नव्हतो. आज खंडेनवमीनं तोंड उघडाया लावलं.”

“बरं,” असं काहीतरी म्हटलं असेन. रस्ता ओलांडताना एका टांगेवाल्याने शिवी हासडली तेव्हा मला कळलं की मी रस्ता ओलांडतो आहे. माझ्या डोक्यात त्या वेळी काही मोठा विचार नव्हता. म्हैस होती. दोन वर्षांपूर्वी पुष्पावती हनुवटीला पट्टी लावून घरी आली तेव्हा तिने सांगितलं होतं, म्हैस आडवी आली. मी हसलो होतो. एवढी मोठी म्हैस हिला दिसली नाही! तो विनोद मी दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सांगितला. दिवाळीला पारनेरकडे गावी गेलो तेव्हा थोरल्या भावाला, छगनला, सांगितला. घरमालकीण भागूबाईला तर इतक्यांदा सांगितला की ती मी तोंड उघडायच्या आतच हसायला लागायची. पुष्पावतीही हसायची. हनुवटीखालच्या त्या दोन टाक्यांच्या जागी आता पांढरी रेघ आहे आणि ती हसली की रेघ ताणली जाते. मी दोन वर्षं त्या रेघेकडे बघत म्हशीची गोष्ट सांगत होतो, आणि ती ताटात वाढता वाढता ऐकत होती. कुठं होती ती म्हैस? दोन-तीन वर्षं चाललेल्या या दुष्काळात लोकांनी असतील नसतील ती गुरं विकून टाकली. म्हशीला रस्त्यात आडवं यायला जिवंत तर राहायला हवं.

मला सायकल चालवता येत नाही. हे इथं सांगून टाकतो, कारण भागूबाईपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना वाटतं की मला पायी चालणं आवडतं. लहानपणी छगनने मला मळ्याच्या वाटेवर बसवलं, मागून धरतो म्हणाला, आणि सोडून दिलं. मी बांधावरून निवडुंगात गेलो. छगन पोट धरधरून हसला, आई हसली, औताचे बैल तेवढे हसले नाहीत. त्यानंतर मी सायकलीवर कधी बसलो नाही आणि जे बसतात त्यांच्याविषयी मला कधी आदर वाटला नाही. दोन चाकांवर तोल सांभाळणं हे माकडाचं काम आहे. चाक का फिरतं हे सांगणं माणसाचं. पुष्पावतीची नेमणूक केडगावच्या दवाखान्यात झाली आणि तिने बायकांची सायकल घेतली, पंधरा दिवसांत शिकली, पांढरं लुगडं गुडघ्याशी आवळून भर बाजारातून जायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा असं झालं की घरात एक वस्तू अशी आली जिच्यापुढे मी कोणी नाही. मी त्या सायकलीचा रागराग करत होतो. एके दिवशी तिच्या मागच्या चाकातून टिर्रर् आवाज येतो हे मी पकडलं. आवाज म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे झीज. पायांनी रेटायची अक्कल तुला आहे, पण आत काय चाललंय ते तुला काय कळणार, असं मी म्हणालो, आणि त्या रविवारी पहिल्यांदा चाक उतरवलं.

तेव्हापासून रविवारची दुपार माझी. अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरलेलं, वाटीत रॉकेल, दुधाच्या कासंडीच्या झाकणात आतले पोलादी छर्रे. फ्रीव्हीलच्या झाकणाचे आटे उलटे असतात, हे गावातल्या शंभरातल्या नव्वदांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मी ते उलटं फिरवून सैल करतो आणि दर वेळी पुष्पावतीला हाक मारून दाखवतो. ती ओल्या हातांनी येते, बघते, “होय की,” म्हणते. मग धुणं, पुसणं, आणि शेवटी पिवळं ग्रीस. पातळ तेल आठ दिवसांत उडून जातं. ग्रीस टिकतं, आवाज मारतं, धूळ आत येऊ देत नाही. मी बोटाने कोपरान्‌कोपरा भरतो. झाकण लावून चाक फिरवलं की आवाज नाही. एक टिक नाही. मी त्या शांततेकडे कान देऊन बसायचो. आणि गेली दोन वर्षं सोमवारी संध्याकाळी ती केडगावहून परतली की बोळाच्या तोंडापासून टिर्रर्, टिर्रर्. माझं डोकं फिरायचं. “कशी चालवतेस तू? एका दिवसात सगळं ग्रीस उडवलंस?” ती सायकल भिंतीला टेकवत म्हणायची, “केडगावच्या वाटेला धूळ फार.” मग मी केडगावच्या वाटेला शिव्या घालायचो, नगरपालिकेला घालायचो, आणि एकदा तर वर्गात सांगितलं की आपल्या जिल्ह्यातली धूळ इतकी नालायक आहे की ती बंद झाकणातूनही आत जाते. चाळीस ठोंब्यांनी ते लिहून घेतलं.

म्हणजे मी भरायचो आणि ती धुऊन घ्यायची. सोमवारी लवकर निघायची, सोमवारी गर्दी असते म्हणायची, आणि मी कुशीवर वळायचो. दोन वर्षं. शंभर सोमवार. शंभर वेळा ते झाकण चौथी नापास बोटांनी उघडलं गेलं, माझं ग्रीस चिंधीवर काढलं गेलं, आणि ती चिंधी कुठं तरी त्या टायरींखाली पडली. तो काय म्हणत असेल? काहीच म्हणत नसेल, हेच वाईट. पेशंटबद्दल बोलावं तसं दोघं माझ्याबद्दल हळू आवाजात बोलत असतील. ती दवाखान्यात म्हाताऱ्यांशी बोलते तसं: हो आजोबा, उतरलाय ताप, घ्या आता हे. बाहेर येऊन मग ताप किती ते कागदावर लिहिते. मला तिरस्काराचं काही वाटलं नसतं. तिरस्कार मला ठाऊक आहे, मी तो रोज सकाळी दाढीबरोबर करतो. तिने तोंडावर सांगितलं असतं की तुम्हाला काही येत नाही, तर मी तिला तासभर सुनावलं असतं आणि आम्ही दोघं मोकळे झालो असतो. पण तिने माझी कीव केली. सोमवारी साडेसहाला, थंडीत, सायकल ढकलत.

बोळात शिरलो तेव्हा अंगणात सगळं मांडून ठेवलेलं दिसलं. कागद, वाटी, झाकण, पाना, ग्रीसचा डबा. चाकही तिने उतरवून ठेवलं होतं. ती ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. “उशीर झाला?” एवढंच म्हणाली. मी बाटली ठेवली आणि बसलो. आणि बसल्यावर मला नीट कळलं की मी कसा अडकलो आहे. कानिफनाथाचा निरोप दिला तर तिला कळणार की मला कळलं. मग दोन वर्षांची म्हैस आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहणार. निरोप दिला नाही आणि ग्रीस भरलं, तर उद्या दुकानात हत्यारांना झेंडू वाहिलेले असणार, ती तशीच वर बसणार, कारण दुष्काळी खडीच्या कामावर आलेल्या बायकांपैकी दोघींचे दिवस भरलेत हे मला रोज जेवताना ऐकावं लागत होतं. ती थांबणारी नाही. पूल तोच, चढ तोच. आणि ग्रीस न भरता तेल घातलं, तर चाक टिकटिक करणार आणि ती ते ऐकणार. तिन्ही बाजूंनी मीच उघडा पडत होतो. खरं सांगायचं तर एक क्षण मी डब्याकडे हात नेलासुद्धा. पडेल न पडेल, कुणी सांगावं, असं मनात आलं. माणूस किती हलका असू शकतो हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत फार वेळा बोललो होतो.

मी झाकण उलटं फिरवलं. तिला हाक मारली नाही. छर्रे झाकणात ओतले, दंतचक्र रॉकेलमध्ये बुडवलं. रॉकेल लगेच फारसं काळं झालं नाही, कारण आतला भाग सोमवारीच तर धुतला होता. ग्रीस कुठंच नव्हतं. ते दोन वर्षांत मला कधी दिसलं नव्हतं, की दिसलं होतं आणि मी केडगावच्या धुळीला शिव्या घालून मोकळा झालो होतो? मग मी दोन्ही खिट्ट्या पुसून कोरड्या केल्या आणि एकीवर नखाने दाबलं. ती आत गेली, नख काढलं, आणि टप्पकन् वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर. त्या केसाएवढ्या स्प्रिंगमध्ये एवढा जीव असतो हे मी चाळीस पोरांना सांगत आलो होतो आणि बोटाने कधी बघितलं नव्हतं. मग डबा उघडून करंगळीवर थोडं ग्रीस घेतलं, दुसऱ्या खिट्टीभोवती भरलं आणि दाबलं. नख काढलं. ती आतच राहिली. मी वाट बघितली. ती हळूहळू, आजारी माणूस उशी धरून उठतो तशी, अर्धी वर आली आणि थांबली. अर्ध्या खिट्टीवर बाईमाणसाचं सगळं वजन. एका मिनिटाचा प्रयोग. अकरावीच्या पुस्तकात याहून अवघड प्रयोग पंधरा आहेत, आणि मी त्यातला एकही न करता मुलांना निष्कर्ष लिहून देतो.

ओसरीतला तांदूळ निवडण्याचा आवाज थांबला होता. मी वर बघितलं नाही. ग्रीस पुसून काढलं, पुन्हा धुतलं, छर्रे एकेक करून बसवले, उठलो, आत जाऊन शिलाई मशीनच्या तेलाची कुपी आणली. किती घालायचं ते मला ठाऊक नव्हतं. चार वर्षं या कामाचा मी जाणकार होतो आणि मला एवढंही ठाऊक नव्हतं. मी घालत गेलो. बाजूने ओघळलं तेव्हा थांबलो. झाकण लावलं, चाक बसवलं, साखळी चढवली, सायकल उचलून पायडल मारलं आणि सोडलं. टिर्रर्. अंगणभर. भागूबाईच्या खिडकीपर्यंत गेला असेल तो आवाज. मला लाज वाटली, भर वर्गात धोतर सुटावं तशी.

पुष्पावती पायरीवर येऊन उभी होती. चाक फिरून थांबेपर्यंत तिने ते बघितलं. मग म्हणाली, “ग्रीस संपलं वाटतं?”

डबा आमच्या दोघांच्या मधे होता. उघडा, काठोकाठ भरलेला, वर माझ्या करंगळीची एक खूण.

“संपलं,” मी म्हणालो.

“होतं असं,” ती म्हणाली. तिने वाकून डब्याला झाकण लावलं आणि तो आत नेऊन ठेवला. मी आयुष्यात इतकं स्वस्त खोटं बोललो नव्हतो आणि ते इतक्या सांभाळून कुणी उचललंही नव्हतं. मला तिचा संताप आला. वाटलं, ओरडून सांगावं की डबा भरलेला आहे, तुला दिसतंय, मला दिसतंय, कशाला पांघरूण घालतेस? पण माझ्या हातावरचं तेल पुसायला ती साबणाची वडी आणि राख घेऊन आली, आणि मी हात पुढे केले. चार वर्षांत बायकोने माझे हात धुतले नव्हते. तिची बोटं गरम होती, उकळत्या पाण्यातून सुया काढून काढून जराशी खरखरीत. ती पाणी घालत होती आणि हनुवटीखालची रेघ माझ्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर होती. मी तिथं बघितलं नाही असं सांगता येणार नाही.

“जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येते,” तिने पदर खोचत म्हटलं. “झेंडू आणते उद्यासाठी.”

आणि सायकल घेऊन गेली. फाटकापर्यंत ढकलत; फाटकाबाहेरही ढकलतच. झेंडूवाला डावीकडे बसतो. ती उजवीकडे, कानिफनाथाच्या दुकानाकडे वळली. म्हणजे तेल घातल्यावरही तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि मी शंभर रविवारांत तो कमावला होता, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? मी पायरीवर बसून राहिलो. टिर्रर् टिर्रर् करत आवाज बोळातून गेला आणि बाजाराच्या कालव्यात मिसळला. मला दिसत होतं: ती सायकल उभी करणार, कानिफनाथ ओशाळणार, पायडल हातात धरून चाक फिरवणार, कान लावणार. त्या घमेल्यात बुडून पांढऱ्या पडलेल्या बोटांनी माझं झाकण उघडणार. आणि मी, जो दर वर्षी दोनशे उत्तरपत्रिका तुच्छतेने तांबड्या करतो, तो घामाघूम होऊन विचार करत होतो की एखादा छर्रा राहिला तर नाही ना? झाकण पुरतं आवळलं होतं ना? आमच्या परीक्षेच्या हॉलबाहेर काही पोरं निकालाआधी अशी भिंतीला टेकून उभी असतात, आणि त्यांच्या अंगावरून जाताना मला नेहमी हसू यायचं. आज हसू आलं नाही.

ती परत आली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरली होती. आली ती सायकलीवर बसून. बोळाच्या तोंडाशी उतरली, फाटकातून आत आली. हातात झेंडूही होते, पावशेर. तेवढा खरेपणा तिने सांभाळला होता. सायकल भिंतीला टेकवली आणि फुलं पाण्यात घालायला वळली. मी गप्प राहिलो असतो तर सगळं होतं तसं राहिलं असतं. ग्रीस संपलेलं राहिलं असतं, म्हैस आडवी आलेली राहिली असती, आणि पुढचा सोमवार मागच्या सोमवारासारखा गेला असता.

“काय म्हणाला कानिफनाथ?” मी विचारलं.

ती थांबली. पाठमोरीच. फुलांतून पाणी ठिबकत होतं. मग तिने फुलं तांब्यात ठेवली आणि माझ्याकडे वळून नीट बघितलं, पेशंटकडे बघते तसं नाही. किती तरी दिवसांनी ती माझ्याकडे चिडून बघत होती. डोळे भरले होते आणि चिडली होती.

“सगळं बरोबर बसवलंय म्हणाला,” ती म्हणाली. “फक्त तेल फार ओतलंय. एवढं कुणी ओततं का म्हणाला.”

सांगतो ते खरं आहे: मला आनंद झाला. बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी झाला नव्हता तेवढा. एका सायकलवाल्याने मला पास केलं म्हणून छातीत काहीतरी हललं, आणि त्याच क्षणी त्या आनंदाची, त्या छातीची मला शिसारी आली. तोंडात नेहमीचं वाक्य आलं होतं, की त्याला काय कळतं तेलातलं, चौथी नापास माणूस. ओठांपर्यंत आलं होतं. पुष्पावती त्याच वाक्याची वाट बघत उभी होती, हनुवटी जराशी वर उचलून.

“मग किती थेंब घालायचे?” मी विचारलं.